परातीतली भरती

मास्तर, तुमचं म्हणणं खरं होतं. परवा एका मासिकात वाचलं. दक्षिण ध्रुवाकडचा बर्फ जमिनीवरून समुद्रात उतरतो, तालुकेच्या तालुके मावतील एवढा पसरून पाण्यावर तरंगतो, भरती आली की उचलला जातो आणि ओहोटीला खाली बसतो. त्याची पुढं सरकण्याची चालसुद्धा भरती-ओहोटीनं कमीजास्त होते म्हणे. वाचून आनंद व्हायला हवा होता. मी मासिक मिटलं आणि त्या दिवशी जेवले नाही.

संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर आमच्या लोहाऱ्याच्या शाळेत सगळं मराठीत आलं आणि जन्मभर उर्दूत शिकलेले, शिकवलेले तुम्ही चाळिशी उलटल्यावर बाराखडी गिरवायला बसलात. पोरं तुमच्या मराठीला हसायची, मीही हसायचे. समुद्र ना तुम्ही पाहिला होता ना आम्ही. तरी जुन्या उर्दू रिसाल्यात, म्हणजे मासिकात, वाचलेला तो बर्फ तुम्हाला आम्हाला दाखवायचाच होता. थंडीचे दिवस होते. कुणाच्या घरून थोडं तूप मिळेल का, असं तुम्ही विचारलंत आणि दुसऱ्या दिवशी मी वाटीभर घेऊन आले. "आईला इचारलं का, बेटी?" "व्हय, तिनंच दिलं." परातीत पाणी, कडेला एक वीट, वर पातळ करून ओतलेलं तूप. ते थिजून विटेला चिकटलं. आणि आता तुम्ही तांब्यानं हळूहळू पाणी वाढवताय, तूप उचलतंय, विटेजवळ वाकतंय, तिथंच बारीक तडा जातोय. "देखा? इथं जमीन, इथं दर्या," तुम्ही म्हणता. "दर्या त्याला निवांत बसू देत न्हाय." तुमचा चेहरा इतका खुललेला मी पुन्हा कधी पाहिला नाही.

महिन्याभरानं तपासणी झाली. खुर्चीवर साहेब, शेजारी शाळा कमिटीतले म्हणून माझे वडील. तुम्ही तोच धडा घेतलात. हे पुस्तकात कुठं आहे, असं साहेबांनी विचारलं. "पुस्तकात न्हाय साहेब, पर पोरांनी परातीत तूप घालून पाह्यलंय." साहेबांनी पहिल्या रांगेतून मला उठवलं. "काय गं, परातीत तूप घालून दाखवलं का यांनी?" मी म्हणाले, "न्हाय." वर्गातली हुशार पोरगी नाही म्हणाली, मग बाकीच्यांनीही माना खाली घातल्या. तूप तूच आणलंस की, एवढं तुम्ही म्हणाला असता तरी निभावलं असतं. तुम्ही म्हणालात, "बस, बेटी."

मनचं शिकवतात, असा शेरा बसला आणि तुमची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भूमला झाली. तिथं ओळखीचं कुणी नव्हतं. वर्षाच्या आत तुम्ही गेलात, ते आम्हाला एसटीच्या कंडक्टरकडून कळलं. पुढं मीही शिक्षिका झाले, जन्मभर भूगोल शिकवला आणि बर्फाचा धडा दरवर्षी घाईनं उरकला. आता वडील नाहीत, साहेब नाहीत, त्या रांगेतलंही कुणी उरलं नाही. खरं बोलायला मला कुणाचीच आडकाठी नाही, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही.

हे पाठवायचं तरी कुठं? घडी घालून मासिकातच ठेवते. बेटीला आपलं शिकवणं कळलंच नाही, असं समजून तुम्ही गेला असाल. सगळं कळलं होतं, मास्तर. तूप आईनं दिलं नव्हतं. मी ते शिंकाळ्यातून चोरलं होतं, आणि समोर वडील बसले होते.