सील न फोडलेला बोर्ड

९ नोव्हेंबर
प्रोसेसर आला. कॉम्प्युटरचा मदरबोर्ड ठरायच्या आधीच मागवला, माझीच घाई. स्नेहलला फोटो टाकला. ती म्हणे, "बोर्ड नाई अन् प्रोसेसर घेऊन बसला? कुठी लावशीन, कपाळाले?"
कॉलेजात ती बाजूच्या बाकावर. मी सरांशी भांडून तिसऱ्या सेमिस्टरला सोडलं, तिनं पूर्ण केलं. आता अकोल्यात मामांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसते. मी इथं अमरावतीत पार्सलं वाटतो. तिच्या ऑनलाइन गेमच्या टीममध्ये खेळायचं तर मोबाईल पुरत नाही, गेमिंगचं मशीन पाहिजे. स्वतःच्या हातानं जोडलेलं. "तुले सगळं अर्ध्यात सोडाची सवय हाय," असं ती एकदा बोलली होती. अजून टोचते. आधी मशीन, मग मनातलं बोलतो.

११ नोव्हें.
बोर्ड ठरला. स्वस्तातल्या नव्या बोर्डात रॅमला दोनच खाचा. मागच्या पिढीच्या बोर्डात चार, वरून प्रोसेसरच्या बाजूला गरमी खेचून घ्यायला जाड हीटसिंक, किंमत जवळपास तीच. स्ने.चं मतही तेच. "एप्रिलात अकोल्यात माणूस शिजते, तुझा बोर्ड काहून वाचन?" अमरावती तरी कुठं थंड आहे. तिनं एक बाजूला काढून ठेवलाय. रविवारी जातो. निळा शर्ट इस्त्रीला दिला.

१६ नोव्हें., रवि.
सगळं बिघडवून आलो.
दुकानात शिरलो तर स्ने. कात्री घेऊन माझ्याच बॉक्सचं सील कापायच्या बेतात. म्हटलं, थांब, सील फोडलेला माल मले नको.
"अरे, अपडेट करून देते. तुझा प्रोसेसर नवा हाय."
"कोरा माल असा फोडते काय कोणी? कोणाचा वापस आलेला चिकटवून राहिले मले?"
दोन गिऱ्हाइकं बसलेली. मामा चष्म्यावरून पाहत म्हणाले, "बेटा, चालू करून दाखवल्याबिगर आमच्याकडून बोर्ड जात नाई."
"मंग ठेवा तुमच्याकडंच."
स्ने.नं कात्री खाली ठेवली फक्त.
परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत राग होता. तिथून पुढं नुसतंच...

१७ नोव्हें.
इथंच घेतला. तेच मॉडेल, सीलबंद. दुकानदार विचारे, प्रोसेसर कोणता लावणार? म्हटलं, तुम्ही बोर्ड द्या. सील घरी येऊन मीच फोडलं. पाहिजे तसं.

१९ नोव्हें.
जोडला. पंखे फिरले, लाइट लागला, स्क्रीन काळी. रॅम चारही खाचांत फिरवून पाहिली. ग्राफिक्स कार्ड काढलं, घातलं. मोठा भाऊ दारात उभा राहून म्हणे, "हवा तं चांगली मारून राहिला बे. उन्हाळ्यात कामी येईन." त्याच्यावर ओरडलो. मग स्वतःवर.

२० नोव्हें.
शोधून वाचलं. बोर्डाच्या आतला प्रोग्राम जुना, त्याला नवा प्रोसेसर ओळखूच येत नाही. चांगल्या दुकानात आधी जुना प्रोसेसर लावतात, पेनड्राइव्हनं नवा प्रोग्राम भरतात, मगच बोर्ड देतात. त्यासाठी बॉक्स उघडावाच लागतो. ती तेच करत होती. अन् मी काय काय बोललो.
इथल्या दुकानदाराकडं जुना प्रोसेसर नाही. म्हणजे अकोला. शाबास मी.

२३ नोव्हें., रवि.
गेलो. बोर्ड अन् प्रोसेसर बॉक्सातून नेले. गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच म्हटलं, "मामा, चुकलो. त्या दिवशी तोंड सुटलं." त्यांनी मान हलवली अन् चहा सांगितला. स्ने. टेबलामागून हलली नाही.
"मी हात नाई लावत. मंग म्हणशीन, वापरलेला केला."
सगळं मलाच करायला लावलं. खोकं पालथं घालून त्यावर बोर्ड, मग दुकानातला जुना प्रोसेसर, पेनड्राइव्ह. "मधात बंद झालं तं बोर्ड गेला. दहा मिनिटं बसता येते ना?"
बसलो. ती स्क्रीनकडं पाहत होती, मी टक्के मोजत होतो, असं म्हणू. शंभर झाले. माझा प्रोसेसर लावला, स्क्रीन आली.
"झालं," मी म्हटलं.
"घरी नेऊन जोड, मंग झालं."
हसली नाही. पण बॉक्सला सुतळी तिनंच बांधली.

२५ नोव्हें.
जोडलं. चाललं, पहिल्याच बटणाला. आतला फोटो पाठवला. वाटलं, काहीतरी छान लिहील. उत्तर दोन शब्दांचं: "केबल बांध." पुन्हा बाजूचा पत्रा उघडला, सगळ्या केबली नीट आवळल्या, पुन्हा फोटो. "आता ठीक."
येत्या रविवारी जातोच. बोलतोच या वेळी. फक्त दुकानात शिरताना काय सांगू ते सुचत नाही. बोर्ड, रॅम, कार्ड, पंखे, सगळं मस्त चालून राहिलं. मामा विचारतील, "काहून बेटा, काय बिघडलं?" काही नाही म्हणेन. मग ती वर पाहील, अन् मी म्हणेन, मशीन झालं, आता एकच गोष्ट अर्ध्यात राहिली.