नवव्या दारात टेकलेले गुडघे

स्टेलाच्या आबांना लोणी देवकरहून रूथबाईचा येशूच्या नावानं सलाम.

मी हितं लेकाच्या घरी ठणठणीत हाय, काळजी नको. तुमच्या तोंडातला पांढरा चट्टा डॉक्टरला दाखवला का? तुमची तंबाखू सुटावी म्हणून उपवासकाळात मी दर शुक्रवारी क्रुसाची वाट करतीय. मी सांगतीय ते लिहून देणारी आपली नात स्टेला लिहिता लिहिता हसतीय, हसू दे.

हितं चर्च लांब, म्हणून चौदा घरांच्या दारात येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटेवरची चौदा स्थानं मांडत्यात. दर दारात गुडघे टेकायचे, प्रार्थना करायची, पुढं निघायचं. काल नवव्या दारात, येशू तिसऱ्यांदा पडतो तितं, मी टेकले आणि उठताच येईना. लाजंनं डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, म्हातारी प्रार्थनेत बुडाली. उभे राहिलेले सगळे फादरसकट परत टेकले. फरशी भाजत होती, पण माझ्याआधी उठायची कुणाची छाती होईना.

शेवटी सूनबाई कानाशी आली. "आत्या, अडकलात व्हय?"

"व्हय गं, बोंबलू नको."

तिनं बखोटीला धरून उठवलं. आता बायका म्हणत्यात, "मावशी, आमच्यासाठीबी मागा." मी खरं सांगितलं न्हाय. पण तेवढा वेळ खाली बसून तुमच्या तोंडासाठीच मागत हुते, दुसरं करणार काय?

गुड फ्रायडेला शेवटची वाट हाय. त्याआधी तुमी डॉक्टरकडं जाऊन आलात, तर मी उभ्यानं प्रार्थना करीन. न्हाय गेलात, तर चौदाही दारात टेकीन, मग उचलायला तुमालाच यावं लागंल.

वाट बघणारी,
रूथ