रिकाम्या डब्यातली एनर्जी

११ मार्च १९५७, सोमवार
मुरारीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, म्हणून लिहिते. मी दुसरी पास. नातू पुण्यात एमएस्सीला. डोकं कुठून आलं ते उघड आहे. जेवताना म्हणाला, आजी, पोकळीतलं सगळं काढून घेतलं, थंडगार केलं, तरी थोडी एनर्जी उरतेच. त्यावरून त्याच्या दोन प्रोफेसरांचं जुंपलंय. पहिला म्हणतो, ती खरीच आहे. धातूचे दोन पत्रे अगदी जवळ धरले तर पोकळीच त्यांना एकमेकांकडे ढकलते. दुसरा म्हणतो, नुसता गणितातला आकडा, वजा करून टाका. मोजता येतो तो फक्त फरक. रिकाम्यावर भांडायचा पगार मिळतो म्हणे. मी पहिल्याच्या बाजूनं.

१३ मार्च, सकाळ
काल दोन ताटं तोंडाला तोंड लावून ठेवली. आज सुटेनात. प्रूफ मिळालं. सूनबाई कुसुम म्हणते, पिठलं नीट धुतलं नव्हतं. सातवी शिकली, तिथंच बिघडली.

१५ मार्च, होळी
चाकणच्या गवराबाईंकडून डबाभर पुरणपोळ्या आल्या. मागं आम्ही तबकात खण-नारळ पाठवला होता. त्यांची दुर्गा मुरारीला सांगून आलीय, येत्या रविवारी नाही तर पुढच्या, सुपारी फुटायची. तिचं नाव निघालं की मुरारी उगाच पाणी पितो. पोळ्या मऊ होत्या. मी वाटल्या, म्हणून मला आठच आल्या.

१८ मार्च
डबा परत पाठवायचा. कुसुम म्हणाली, रिकामा पाठवू नये सासूबाई, मूठभर साखर तरी घाला. साखर काय, कुणीही घालतं. डबा लख्ख घासला आणि रिकामाच दिला शेजारच्या दत्तोबाजवळ. तो रोज मोटारीनं चाकणला जातो. निरोप सांगितला, आत एनर्जी आहे, आमच्या मुरारीच्या अभ्यासातली. गवराबाई हरखतील.

२० मार्च
निरोप नाही. ज्ञान पचायला वेळ लागतो. पोळ्यांसारखं नसतं ते.

२२ मार्च
मुरारीला कळलं. म्हणाला, आजी, ती कुणाला वाढता येत नाही गं. हा पण दुसऱ्या प्रोफेसराच्या बाजूचा निघाला.

२४ मार्च, रविवार
दत्तोबा आमचं तबक घेऊन आला. दुर्गाची सुपारी फुटली, चाकणच्याच कुणा आबाजींच्या नातवाशी. गवराबाईंचा निरोप, तबक भरलेलंच हाय, मोजून घ्या.
मुरारी नवा सदरा घालून बसला होता. उठला, पाणी प्याला, बाहेर गेला.
फरक म्हणाल तर एक मूठ साखर.
कुसुम तबक घासायला घेत होती. म्हटलं, थांब, आत काही असेल. हात फिरवून पाहिला.
काही नव्हतं.