ईदेनंतर, नाताळाआधी

पंचवटी, नाशिक
३ डिसेंबर १९३६

प्रिय खुर्शीदा,

तुझे रोजे चालू असतील. तुझे मालक हारुनभाई लुगडी विकायला इकडे आले होते, तेव्हा तुझी खुशाली कळली. माझी शाळा नीट चालू आहे. राहायला मात्र आता गोजराबाईंकडे, भाड्याच्या खोलीत आले आहे. का, ते सांगतेच.

परवा मुलींना सणांचा धडा शिकवताना तुझी फार आठवण झाली. आपल्याला काय वेड होतं गं सणांचं. रंगपंचमीला रंगानं भरलेल्या रहाडीच्या दगडी हौदात उड्या घेणारे बघायला तू माझ्याबरोबर, मोहरमला हळिवाचे हिरवे कोंब फुटलेला ताबूत बघायला मी तुझ्याबरोबर. नाताळात शरणपूरच्या चर्चच्या खिडकीशी दोघी टाचा उंचावून उभ्या. त्यांचा देव गोठ्यात जन्मला असं कळल्यावर तू विचारलंस, "मग गाय कुठं बांधली?"

आणि ती ईद. तुमच्या अंगणात शीरखुर्म्याची वाटी मी तोंडाला लावलेली आणि दारात अण्णा. रामकुंडावर यजमानांची श्राद्धं चालवणारा माणूस. हाताला धरून घाटावर नेलं. मला कुंडात बुडवून काढलं, डोकं पुसलं आणि हळूच विचारलं, "कशी लागते गं ती खीर?" मी खारकेची चव सांगत राहिले, ते ऐकत राहिले. तेव्हापासून वाटायचं, अण्णांना काहीही सांगता येईल.

म्हणून सांगितलं. शरणपूरचे शांतवन साळवे आमच्या शाळेत गणित शिकवतात. त्यांचं नि माझं ठरलं आहे. मी धर्म सोडत नाही, त्यांनीही सोड म्हटलेलं नाही. अण्णा ओरडले नाहीत. "खीर चाखणं वेगळं, मालू. घर मांडणं वेगळं," एवढं म्हणाले आणि संध्येला बसले. उठल्यावर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईनं रडत रडत माझी पेटी भरून दिली. आता घाटावर ते दिसले की मी पलीकडच्या काठानं जाते.

लग्न सरकारी कचेरीत आहे, ईद झाल्यावर, नाताळाच्या आधी. त्यांच्याकडची माणसं पुष्कळ येतील. सहीला साक्षीदार मलाही मिळेल, पण मुलीकडचं म्हणावं असं कोणी नाही. हारुनभाईंना विचारून बघ. सासरी तुला बोल लागणार असेल तर नको येऊस, मी रागावणार नाही. पण येणार असलीस तर आदल्या दिवशीच ये. मला हळद लावायला कोणी नाही.

तुझीच,
मालू