स्वच्छ जागेची बाटली

४ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

दोन्ही बाटल्या पोचल्या. एक गोदीतल्या गाळाची, दुसरी स्वच्छ जागेची. बोटींवर नावं रंगवणारा हात लेबलांवरही उठून दिसतो. प्रयोगशाळेत सगळ्यांनी अक्षर पाहिलं.

तू विचारलंस, चिखलाचं काय करणार. शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून बोटीच्या तळाला लावतोस तो तांब्याचा रंग झिजून गाळात बसतो. तिथले जंतू तांबं सोसायला शिकतात. त्याबरोबर ते दवाखान्यातली औषधंही सोसू लागतात का, हे मला पाहायचंय. तुलनेला स्वच्छ जागा हवीच होती.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो चिखलासकट पाठवत जा.

तुझी,
खार

१२ जानेवारी

चि. खारीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लहानपणी खिशातून शंखशिंपले आणायचीस, आता चिखल मागवतेस. प्रगती आहे. गोदीत बोटी रांगेने उभ्या आहेत. एकीचा तळ खरवडून होतो तोवर दुसरी वर घेतात. मालक म्हणतो, हात चालवा. मी म्हणालो, हातच चालताहेत, पाय बसलाय. इकडे बाकी ठीक.

आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.

तुझा,
मामा

ता. क. मामी लिहिते आहे. ठीक काही नाही. तुझी बाटली भरताना पायरीच्या लोखंडी कडेने ह्यांची पोटरी कापली. सूज गुडघ्यापर्यंत आली आहे. दुसरं औषध चालू आहे, उतार नाही. तुला सांगू नको म्हणाले, म्हणून लिहिते.

२० जानेवारी

ती. मामास,
सा. न.

आधी पाय. तिसरं औषध अंदाजाने घेऊ नकोस. जखमेतला पू तपासायला पाठवायला डॉक्टरांना सांग. त्यातले जंतू वाढवून कोणत्या औषधाने मरतात ते पाहतात. तीन दिवस लागतात. डॉक्टर गरज नाही म्हणाले तर मामीला पुढे कर.

आता दुसरं. स्वच्छ जागेचे जंतू गोदीतल्यांपेक्षा चिवट निघाले. मी तीनदा तपासलं. बाटल्यांची अदलाबदल झाली का? कोणती भरताना पाय कापला? खरं लिही.

रागावले आहे, माया तेवढीच आहे.

खार

२९ जानेवारी

चि. खारीस,
आशीर्वाद.

पलंगावरून लिहितो. पू तपासला. आठ औषधांपैकी सहांना जंतू दाद देत नाहीत. सातवं शिरेतून चालू आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस गेले असते तर पाय ठेवला नसता. मामी त्यांच्यासमोर रडली नाही. बाहेर जाऊन रडली.

अदलाबदल झाली नाही. स्वच्छ बाटली मी धक्क्यामागच्या पायऱ्यांवर भरली. तिथेच कापलं. तिथे शेवाळ नाही, शिंपला नाही, काही चिकटत नाही. आमच्या धंद्यात त्यालाच स्वच्छ म्हणतात. बाटली धरताना आठवलं नाही, परवा आठवलं: सव्वीस वर्षं मी तळाच्या रंगाचे ब्रश त्याच पायऱ्यांवर धुतो.

तुझं काम बिघडवलं.

मामा

५ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न.

काम बिघडलं नाही. मी शोधत होते ते तूच बाटलीत भरून दिलंस.

जंतूच्या अंगात एक पंप असतो. तो तांबं बाहेर फेकतो, आणि काही औषधंही. तांबं सोसण्याची आणि औषध सोसण्याची किल्ली पुष्कळदा एकाच जुडग्यात असते, आणि जंतू ते जुडगं शेजाऱ्याला देतात. औषध कालांतराने विरतं. तांबं विरत नाही, म्हणून शाळा चालूच राहते.

तुझ्या पायातला जंतू तिथलाच, हे मी सिद्ध करू शकत नाही. करणारही नाही. पण स्वच्छ जागा मला अजून हवी आहे.

पाय जप. माझ्यासाठी तोही नात्यातलाच आहे.

खार

३ मार्च

चि. खारीस,
अनेक आशीर्वाद.

काठी घेऊन गोदीत गेलो. मालकाला सांगितलं, यापुढे तळाखाली ताडपत्री पसरल्याशिवाय खरवडणार नाही, आणि ब्रश पिंपात धुणार. तो म्हणाला, समुद्र एवढा मोठा आहे. मी पोटरी दाखवली. म्हणालो, मीही मोठा होतो. ताडपत्री आली. पोरं मला आता डॉक्टर म्हणतात.

सोबत दोन बाटल्या. पहिली खडकांपलीकडची, होडीने जाऊन आणली. हाताला शेवाळ, खेकडे, शिंपले, सगळं लागलं. इतकी घाण जागा, म्हणजे स्वच्छ असणार.

दुसरी पायऱ्यांची. ही दर वर्षी पाठवीन. मी धुणं थांबवलंय, हे त्या जंतूंना कधी कळतं तेवढं लिहीत जा. मी वाट पाहीन.

तुझा,
मामा