अल रीमचा फ्लॅट खलास झाला त्याची हकिगत

अल रीम आयलंड, अबू धाबी
रविवार

माननीय साडूभाऊ सतीशराव यांना,

एकोणिसाव्या मजल्यावर, बाहेर अंगाची लाही होत असताना आत स्वेटर घालून बसलेल्या हेमचंद्राचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? अनुराधाताई सुनेत्राला म्हणाल्या की जिना चढताना तुम्ही आता मोठ्याने कण्हत नाही, हळू कण्हता. म्हणजे औषध लागू पडतंय. फोन करता आला असता हे मला कळतं. पण फोनवर तुम्ही मध्येच 'हॅलो, आवाज तुटतोय' म्हणता (आणि तो नेमका तुम्हाला नको असलेल्या विषयावरच तुटतो), म्हणून सविस्तर लिहितो आहे. पत्राचा आवाज तुटत नाही. चष्मा लावून, चहा घेऊन, शेवटपर्यंत वाचावं.

मी आणि सुनेत्रा इथे आलो ते लेकाकडे दोन महिने आराम करायला. अंकुर तिकडे रुवैसच्या रिफायनरीत असतो, आठवडाभर कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहतो आणि सुट्टीला घरी येतो. ईश्वरी इथल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते, आणि केया दुसरीत आहे. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात घरमालकाचं इमेल आलं. मालक कोण, कुठला, हे कुणालाच माहीत नाही. तो एका एजंटाच्या तोंडून बोलतो. त्याचं म्हणणं असं की चिरंजीवांचं लग्न ठरलं आहे, सबब फ्लॅट घरच्या वापरासाठी हवा, तरी काँट्रॅक्ट संपताच रिकामा करावा; तथापि, सोबत जोडलेला नवा दर मान्य असल्यास लग्नाबाबत फेरविचार होऊ शकतो. (लिफ्टमध्ये चौकशी केली तेव्हा कळलं की याच इमारतीत आणखी तीन फ्लॅटमध्ये तीन मालकांच्या मुलांची लग्नं ठरली आहेत. एवढा मोठा मुहूर्त आपल्या पंचांगात कसा सापडला नाही, असं सुनेत्रा म्हणाली.) दर वाचून मी दिरहॅमचे रुपये केले. मी ते नेहमी मोठ्याने करतो, त्यामुळे सुपरमार्केटात 'पन्नास रुपयांची कोथिंबीर' असं ओरडल्यापासून केया माझ्यापासून दोन हात लांब चालते. या वेळी मात्र आकडा तोंडातच राहिला.

त्या सुट्टीत अंकुर आला आणि दोघांनी दार लावून बोलणं केलं. दार पातळ आहे. ठरलं ते असं, की एवढं भाडं परवडणार नाही. ईश्वरीने नोकरी सोडून केयाला घेऊन पुण्याला जावं आणि अंकुरने रुवैसच्या क्वार्टरमध्ये एकट्याने दिवस काढावेत. वर्षातून एकदा भेट. बरं, ही काही एका घराची गोष्ट नाही. हे शहर समोर बघता बघता वाढतं. सकाळी जिथे नुसती वाळू दिसली तिथे संध्याकाळी क्रेन उभी असते. नवीन माणसं येतात, त्यांच्यासाठी नवे टॉवर होतात, आणि ज्यांनी आधी येऊन गाडी रुळावर आणली ती आमच्यासारखी माणसं भाड्याच्या आकड्याकडे बघत सामान बांधायला लागतात. केयाच्या वर्गातल्या दोघी मैत्रिणी याच कारणाने गेल्या. तिने मला सहज विचारलं, "दादू, आर वी नेक्स्ट?" मला फार वाईट वाटलं, सतीशराव. मग राग आला, आणि त्याच रागात मी कंबर कसली. हे कुटुंब मोडू द्यायचं नाही, हे मी त्याच दिवशी सुनेत्राला सांगितलं.

पहिला उपाय म्हणजे स्वस्त घर शोधणं. ईश्वरी ऑफिसातून सुटली की आम्ही दोघं हिंडायचो. एका ठिकाणी 'स्टडीरूम' होती. तिच्यात मी शिरलो तेव्हा दार लागेना, कारण माझं पोट बाहेर राहत होतं. दुसऱ्या ठिकाणी समुद्र दिसतो असं लिहिलं होतं, आणि तो दिसलाही, बाथरूमच्या खिडकीतून, ईश्वरीने माझा शर्ट मागून धरल्यावर. तिसरं घर मात्र खरोखर स्वस्त आणि ऐसपैस होतं. ते शहराच्या पार बाहेर, वाळूत एकटंच उभं होतं. तिथला एजंट गच्चीत नेऊन चहूकडे हात दाखवत म्हणाला की यहाँ स्कूल आएगा, इधर मॉल आएगा, उधर बस आएगी. मी विचारलं, अब क्या है? तो म्हणाला, अब पार्किंग है. राहायचं भविष्यकाळात आणि भाडं भरायचं वर्तमानकाळात, हा व्यवहार मला पटला नाही. शिवाय ईश्वरीच्या पेट्रोलचा हिशेब केला तर ते स्वस्त घर याच घराइतकं महाग पडत होतं.

मग मी मोर्चा वळवला अफनानकडे. अफनान म्हणजे आमच्या मालकाचा एजंट, मूळचा हैदराबादचा, सूट घालणारा आणि अतिशय अदबीचा मुलगा. त्याला मी खाली लॉबीत गाठायला लागलो. त्याला सांगितलं की आम्ही वेळेवर चेक देणारी माणसं आहोत, भिंतीला खिळा मारलेला नाही, आणि केयाने रंगवलेला कोपरासुद्धा मी स्वतः पुसला आहे. मालकाने वाढ निम्मी करावी आणि वर्षाचं भाडं एका चेकऐवजी चार चेकने घ्यावं. अफनान रोज ऐकून घ्यायचा आणि 'इन्शाल्ला अंकल' म्हणायचा. इन्शाल्लाचे अर्थ हो, नाही आणि बघू असे तिन्ही होतात, हे मला एव्हाना कळलं होतं. पण इथल्या शब्दांचं माझं शिक्षण तेवढ्यावरच थांबलं होतं, आणि तिथेच घात झाला.

मंगळवारी सकाळी घरी मी आणि केया दोघंच होतो (तिच्या शाळेला सुट्टी होती आणि सुनेत्रा खाली फिरायला गेली होती). अफनानचा फोन आला. "अंकल, ओनर से बात हो गयी. खलास. शाम को पेपर लेके आता हूँ." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. आता तुम्हीच सांगा, खलास म्हटल्यावर आपल्या माणसाला काय वाटेल? आपल्याकडे माणूस खलास होतो, पैसा खलास होतो. मला वाटलं, घर गेलं आणि संध्याकाळी घर सोडण्याचा कागद येतोय. अंकुरला फोन लावला, तो प्लँटमध्ये होता. ईश्वरी मीटिंगमध्ये. मी म्हटलं, आता हातपाय गाळून चालणार नाही. निदान मुलांना सामानाची कटकट नको. केयाला सांगितलं की इमारतीच्या ग्रुपवर टाक, आम्ही घर सोडतोय, सामान न्या. ती म्हणाली, "फॉर फ्री, दादू?" मी घाईत 'बघू' म्हणालो. तिने फ्री लिहिलं.

सतीशराव, आमच्या सोसायटीत पाणी जाणार अशी नोटीस लागल्यावरसुद्धा माणसं एवढ्या वेगाने हललेली मी पाहिली नाहीत. दहा मिनिटांत दारात ट्रॉल्या. सोफा गेला, जेवणाचं टेबल गेलं, वॉशिंग मशीन गेलं, आणि एक गृहस्थ सुनेत्राने नुकतीच लावलेली तुळस उचलत होते, तेवढ्यात ती स्वतः वर आली. पुढचं लिहीत नाही. संध्याकाळी अफनान आला तो खजुराचा डबा आणि नवं काँट्रॅक्ट घेऊन. रिकामा हॉल बघून त्याने नंबर बरोबर आहे ना म्हणून पुन्हा दार बघितलं. बसायला काही नव्हतं, म्हणून सुटासकट फरशीवर मांडी घालून बसला आणि मला समजावलं, "अंकल, इधर खलास मतलब पक्का. फायनल." मालकाने वाढ निम्मी केली होती, आणि चार चेकही मान्य केले होते. अंकुर सुट्टीला आल्यावर मी आणि तो दोन दिवस मजल्या-मजल्यावर फिरून सामान परत आणत होतो. बहुतेकांनी हसत दिलं. अकराव्या मजल्यावरच्या बाईंनी मात्र मशीनमध्ये कपडे लावले होते, ते धुऊन निघेपर्यंत थांबावं लागलं.

तर घर राहिलं आहे. वाढ निम्मी झाली तरी ती वाढच आहे, आणि ती कुठून भरायची हा प्रश्न उभा आहे. पण ईश्वरी राजीनामा देणार नाही आणि केया शाळा सोडणार नाही, एवढं आम्ही फरशीवर बसून एकमताने ठरवलं. आपला, हटणार नाही असा,

हेमचंद्र

ता. क. १ : येणाऱ्या कुणाबरोबर थालीपिठाची भाजणी पाठवा. इथे मिळते, पण तिचे रुपये करवत नाहीत.

ता. क. २ : आम्ही दोन महिन्यांनी परत येत नाही. अंकुरने आमचा वर्षाचा व्हिसा करायला घेतला आहे. शाळेनंतर केयाला सांभाळायला जी बाई येते तिचा पगार त्यामुळे वाचेल, आणि वाढीतला बराचसा भाग तिथे निघेल.

ता. क. ३ : उरलेल्या भागासाठी हे पत्र आहे. तुमचे निनाद आणि सूनबाई आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहतात, घराला जाग राहावी म्हणून. भाड्याचा विषय आपल्यात कधी निघाला नाही, आणि मीही काढला नसता. पण आता पुढच्या महिन्यापासून त्यांनी भाडं द्यावं. तो भाग वाढतो आहे, समोर मेट्रो आली आहे, आणि बाजारभाव तुम्हाला माहीत आहे. मान्य नसल्यास फ्लॅट वर्षअखेर रिकामा करावा, घरच्यांना पैशाची गरज आहे.

ता. क. ४ : वरचं कलम सुनेत्राने वाचलं. म्हणाली, तुम्ही घरमालकासारखं लिहायला लागलात. मी म्हटलं, मी घरमालकच आहे. त्यावर ती उठून आत गेली. तेव्हा बाजारभाव राहू द्या, रिकामं करायचंही राहू द्या. निनादला झेपेल तेवढंच सांगा. पण सांगा नक्की, सतीशराव, कारण आम्हाला सगळ्यांना इथे एकत्र राहायचं आहे.