राडकाची मिस्सा

ओलोमोउत्स, ९ सप्टेंबर २०११

चि. ओल्दास द्राहाताईचे अ. आ.

महिनाभर पत्र नाही म्हणून रुसला असशील. गुडघा दुखतो हे खरं, पण लिहायला गुडघा लागत नाही, तेव्हा आळस म्हण.

बातमी अशी की आपला तो सिनेमा परत लागलाय. दरबारातला म्हातारा संगीतकार आणि त्याच्या हाताखालचा तो गिरणीवाल्याचा पोरगा! आपण अकरा वेळा पाहिला होता. म्हातारा पोराची वही कपाटात कोंडतो तेव्हा आपण दोघं शिट्ट्या मारायचो, आणि तिकीटवाल्या बाईंनी तुझा कान धरून तुला बाहेर काढलं होतं. या खेपेला मी रडले, आणि तेही म्हाताऱ्यासाठी. पोरगा परदेशात जाऊन मरतो, मग म्हातारा एकटा बसून त्या वहीतली सुरावट पियानोवर वाजवतो. त्या वयात आपल्याला त्याचे हात दिसलेच नव्हते रे. तुझ्या जवळच्या प्रेरोव्हला पुढच्या आठवड्यापासून लागतोय, बघून ये.

आणि हो, तुझ्या गायनवृंदात ऑर्गन वाजवते ती पोस्टमास्तरांची राडका. तिनं गावच्या सणाला चर्चच्या उपासनेत गायची नवी मिस्सा रचलीय, असं तूच वसंतात लिहिलं होतंस. त्यानंतर चकार शब्द नाही. गाणार ना ती तुम्ही?

माया आहेच, पत्रातूनही दाखवत जा.
तुझी द्राहा


लिपोव्हा, १४ सप्टेंबर २०११

ती. द्राहाताईस सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. आलुबुखार यंदा फांद्या मोडेल इतकं आलंय. तुझी भावजय एर्ना रोज त्याचे उकडीचे गोळे करते आणि वर मलाच विचारते की पोट का सुटलं.

सिनेमाचं राहू दे. या वयात बसनं प्रेरोव्हला जाऊन काय रडायचंय?

राडकाची मिस्सा यंदा नको असं ठरवलंय. गेली एकतीस वर्षं सणाच्या रविवारी लोक माझी मिस्सा गातात, त्यांना ती तोंडपाठ आहे. पोरीनं मला तिची वाजवून दाखवली होती. बाबांचा नियम तुला ठाऊक आहे: नवी रचना आधी ऑर्गनकडे पाठ करून ऐकायची, आवडली तरच कागद हातात घ्यायचा. मी तसंच केलं. मधेच सगळं थांबतं, चार ओळी नुसतं मौन, मग पुन्हा सुरू. विसरली की काय असं वाटावं. मी म्हटलं, बाळ, अजून वेळ आहे. वही माझ्या कपाटात नीट ठेवलीय.

तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा ओल्दा


ओलोमोउत्स, १८ सप्टेंबर २०११

चि. ओल्दास अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वही कपाटात ठेवलीय असं तूच लिहिलंस, मी नाही. आता गाढवा, पुढचं मी बोलायला हवं का? बसच्या तिकिटाला रडू नकोस. सिनेमा बघ, आणि मग मला शिव्या घालायच्या तर घाल.

राग मानू नकोस. मानलास तरी मी थोरली आहे.
द्राहा


लिपोव्हा, २४ सप्टेंबर २०११

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्यावरच्या रागानंच गेलो. बरोबर एर्ना होती. त्या शेवटच्या प्रसंगात म्हातारा पियानोशी बसला, बोटं पांढऱ्या पट्ट्यांच्या उजव्या टोकाला धावू लागली, आणि आवाज गेला. मी उठून उभा राहिलो आणि मागे वळून ओरडलो की अहो, आवाज बंद पडलाय, झोपलात का! सगळं थिएटर माझ्याकडे बघायला लागलं. एर्नानं कोट धरून मला खाली बसवलं. तिचे डोळे ओले होते. शेजारची बाईही डोळे पुसत होती. ताई, ती सुरावट लहानपणी मी वर्षभर शिट्टीवर वाजवत फिरायचो. ती तिथं चालू होती आणि मला ऐकू येत नव्हती.

घरी येऊन वही उघडली. ज्या चार ओळींना मी मौन म्हणालो, तिथं सूर आहेत. ऑर्गनच्या सगळ्यात बारीक नळ्यांसाठी लिहिलेले, अगदी वरच्या पट्टीतले, एकटे, आणि इतके सुंदर की मला असं कधी सुचलं नाही. बाबांचा नियम पाळला नसता, कागद आधी पाहिला असता, तर पोरीचे पाच महिने फुकट गेले नसते.

कान कधी गेले मला कळलंच नाही. माझी मिस्सा पाठ आहे, ती मला डोक्यात ऐकू येते. आता हे वृंदाला सांगितलं की वृंद चालवायची माझी काठी गेली. बहिऱ्याच्या हातात कोण ठेवणार? आणि नाही सांगितलं, तर नकार कशासाठी दिला ते सांगता येत नाही. नुसता कान नव्हता गं, थोडी असूयाही होती. दोन रात्री झोप नाही. तू काय करशील असं विचारणार होतो, पण ते मला माहीत आहे.

आशीर्वाद असू दे, आज जरा जास्त.
ओल्दा


लिपोव्हा, १७ ऑक्टोबर २०११

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल सण झाला. गुडघ्यापायी तू आली नाहीस, म्हणून सविस्तर लिहितो.

तालमीला सगळ्यांसमोर सांगितलं. कोणी दचकलं नाही. वर्षापूर्वीच कळलं होतं म्हणे सगळ्या गायकांना, ऑर्गनशी बसणारी राडका तेवढी सोडून. माझं मन मोडेल म्हणून गप्प होते. राडकाला मी वही आणि काठी दिली आणि माफी मागितली. ती म्हणाली की तिला वाटत होतं, तिचंच काहीतरी चुकलंय, म्हणून तिनं वसंतापासून एक ओळ लिहिली नव्हती.

काल तिची मिस्सा गायली, ऑर्गनशी बसून एका हातानं वृंदही तिनंच चालवला. बेकरीवाली आजी बाहेर येऊन कुरकुरली की ओल्दाची बरी होती, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. राडकानं मला तिसऱ्या रांगेत, खर्जाच्या गायकांत उभं केलंय. त्या चार ओळी आल्या तेव्हा वृंद थांबला आणि मला काही ऐकू आलं नाही. मी वहीतून सूर वाचत होतो. वहीतून नजर काढली तर आमच्या सज्जाखालच्या बाकांवरची माणसं माना वर करून ऐकत होती. मग आमचा प्रवेश आला आणि मी एक मात्रा आधीच सुरू केलं. राडकानं सगळ्यांदेखत डोळे वटारले आणि नंतर झापलंही, की काका, माझ्या हाताकडे बघत जा.

घरी येऊन खूप रडलो, मग बदक आणि कोबी पोटभर जेवलो. मंगळवारी तालीम आहे. तिनं सातला बोलावलंय, मी साडेसहालाच जाणार आहे.

लोभ आहे तो राहो.
तुझा ओल्दा